झाडावर चढून चालवायची करवत: कोणती घ्यावी?



इगतपुरी तालुक्यातील एका पाड्यावरच्या पाच तरुणांनी यांत्रिक करवतीसाठी, म्हणजे चेनसॉसाठी, संस्थेकडे मदत मागितली आहे. मागणी रास्त आहे. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. भिजलेल्या जमिनीत मुळे सुटतात, घरांच्या कौलांवर फांद्या येतात आणि त्या काढणाऱ्याला चार दिवस मजुरी मिळते. चढायला या मुलांना कोणी शिकवायला नको. भाताच्या राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडायला इथली ठाकर, महादेव कोळी माणसे पिढ्यान्‌पिढ्या कोयता घेऊन झाडावर चढत आली आहेत. पण कोयता हातातून सुटला तर खाली पडतो. चेनसॉ उसळला तर तो माणसाकडे येतो.

बाजारात चेनसॉ दोन तऱ्हेचे असतात. एकाची मूठ मागे असते. तो जमिनीवर उभे राहून ओंडके कापायला. दुसऱ्याची मूठ इंजिनच्या वर असते. हा आखूड, हलका, दोरावर टांगलेल्या माणसाला अंगाजवळ धरता येईल असा. बहुधा अडीच ते चार किलो वजन आणि बारा-चौदा इंची पाते. मुलांनी मागितला आहे तो हाच.

त्याची सोय हाच त्याचा धोका. वरची मूठ एका हातात छान बसते, म्हणून माणूस दुसऱ्या हाताने फांदी धरतो. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की करवत क्षणात चेहऱ्याकडे उलटते; एका हाताने ती आवरत नाही. म्हणून बनवणाऱ्या कंपन्याच सांगतात, की हे यंत्र झाडावरच्या कामाचे शिक्षण घेतलेल्यानेच आणि दोन्ही हातांनी चालवावे. जमिनीवर तर ते वापरूच नये.

निवडताना ताकदीपेक्षा वजन पाहावे. दुपारपर्यंत थकलेला हातच चुका करतो. चेन ब्रेक हवाच, आणि दुकानातच तो लावून चेन थांबते का ते पाहावे. करवत पट्ट्याला अडकवायची कडी हवी. झटका कमी देणारी चेन मागावी. स्टील, हुस्कवार्ना, एको या कंपन्या अशी यंत्रे करतात. पण नावापेक्षा, चेन आणि सुटे भाग नाशिकात कोण देतो, हे आधी विचारावे. ऑनलाइन मिळणारे स्वस्त, बिननावाचे यंत्र मी तरी घेऊ देणार नाही.

बॅटरीवरचा चेनसॉ मला आवडतो. झाडावर दोरी ओढून इंजिन सुरू करावे लागत नाही, आणि कापणे थांबले की खालच्या सोबत्याची हाक ऐकू येते. परंतु आषाढात पाड्यावर वीज दोन-दोन दिवस नसते, तेव्हा बॅटरी चार्ज कुठे करणार? आपल्यासाठी पेट्रोलचाच बरा. बहुतेक नव्या यंत्रांना लिटरमागे २० मिली टू-स्ट्रोक तेल लागते. पुस्तिकेत काय लिहिले आहे ते पाहून मगच मिसळावे.

अनुवादाच्या एकोणिसाव्या अध्यायात लाकूड तोडताना कुऱ्हाडीचे पाते निसटून शेजारी मरतो, असा दाखला आहे. तिथे वैर नाही, तरी जीव जातो. म्हणून यंत्राआधी बाकीचे सामान: हेल्मेट, डोळ्या-कानांचे रक्षण, चेन अडकून थांबेल अशा कापडाची पँट, कमरेचा हार्नेस आणि दोन आधार. कापताना एक दोर आणि एक पोलादी गाभ्याचा पट्टा, दोन्ही बांधलेले असावेत. एकच दोर असेल तर चेन तोच कापू शकते. हे सगळे मिळून चेनसॉइतके महाग पडेल. पडू दे. विजेच्या तारेजवळची फांदी मात्र महावितरणला कळवल्याशिवाय धरायची नाही.

परवानगीचेही आधीच सांगितलेले बरे. वृक्षतोडीला १९६४ चा महाराष्ट्राचा कायदा आहे, आणि आदिवासी खातेदाराच्या झाडांच्या विक्रीला १९६९ चा वेगळा. घरावरची फांदी काढणे आणि झाड तोडून विकणे यांत फरक आहे, हे गटाने लिहून मान्य केले आहे.

तेव्हा समितीपुढे माझी शिफारस अशी: यंदा दोर, हार्नेस, हेल्मेट आणि दोन चांगल्या हातकरवती घ्याव्यात, मनगटाएवढी फांदी हातकरवतीने सहज निघते. सोबत खाली कापायला मागच्या मुठीचा एक चेनसॉ. वरच्या मुठीचा चेनसॉ प्रशिक्षण झाल्यावर, आणि तोही पाचांपैकी दोघांच्याच हाती. वाचकांपैकी कोणी दोरावर झाडकाम शिकवणाऱ्याला ओळखत असल्यास कार्यालयात कळवावे. पावसाआधी आठवडाभराचे शिबिर घ्यायचे आहे; राहण्या-जेवण्याची सोय आम्ही करू.