म्हाताऱ्याचे पाय लुळे पडले तर ‘वय झालं’ म्हणू नका



पऱ्हाटीवर फवारणी करणारा माणूस म्हणाला, पायात मुंग्या येतात, जोर वाटत नाही, तर घरचे म्हणतात, औषध लागलं असेल. सत्तरीचा बुढा हेच म्हणाला तर म्हणतात, वय झालं. दोन्ही अंदाज चुकू शकतात. तो गुलेन बॅरे सिंड्रोम, म्हणजे जीबीएसही असू शकतो.

एरवी हा आजार वर्षाला लाखात एक-दोघांनाच होतो. पण 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागात त्याची साथ आली आणि रुग्ण दोनशेवर गेले. त्या वर्षी नागपुरातही रुग्ण आढळले.

आजार कसा होतो?

बहुधा आधी जुलाब किंवा सर्दी-खोकला होतो. जंतूंशी लढणारी शरीराची शक्ती मग चुकून आपल्याच नसांवर उलटते. विहिरीवरच्या मोटारीची वायर आठवा. वरचे आवरण सोलले तर दुरुस्ती लवकर होते, आतली तार तुटली तर वेळ लागतो. नस दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते. कमरेपासून पायापर्यंतचे अंतर तुम्हीच मोजा!

वयाचा हिशेब

रोग तोच, पण पोराचा आणि बुढ्याचा निकाल वेगळा. कोवळे संत्र्याचे झाड छाटले तर लवकर फुटते, जुने झाड वेळ घेते, तसेच हे. मुले बहुधा चांगली बरी होतात. म्हाताऱ्यांच्या नसा हळू भरतात, त्यात अंथरुणावर पडून न्यूमोनिया होण्याची भीती. हॉलंडमधील रॉटरडॅमच्या डॉक्टरांनी 2007 मध्ये याचे गणितच मांडले. चाळिशीपर्यंत शून्य गुण, 41 ते 60 वयाला अर्धा, साठीपुढे एक. आधी जुलाब झाले असतील तर आणखी एक. दोन आठवड्यांनी अशक्तपणा किती, त्याचे गुण वेगळे. जितके गुण जास्त, तितकी सहा महिन्यांनी आधाराशिवाय चालण्याची आशा कमी.

गंमत पहा. 15 वर्षांखालच्या पोराचे पाय अचानक लुळे पडले तर पोलिओच्या शोधासाठी सरकारला कळवावे लागते. त्यामुळे लगेच धावपळ होते. ज्याला धोका जास्त, त्या बुढ्यासाठी मात्र अशी धावपळ कोणी करत नाही. ती घरच्यांनीच करायची.

काय करावे?

1) मुंग्या, मग दोन्ही पायांत अशक्तपणा आणि तो दिवसागणिक वर चढत असेल तर थांबू नका. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर त्याच घटकेला दवाखाना गाठा. चार-पाच रुग्णांत एकाला तरी व्हेंटिलेटर लागतो.

2) फवारणीची विषबाधा बहुधा काही तासांत दिसते. लाळ, घाम, उलट्या होतात. तीही तातडीचीच. निदान डॉक्टरांवर सोडा, पण फवारणी आणि आधीचे जुलाब, दोन्ही त्यांना सांगा.

3) इम्युनोग्लोब्युलिनची सलाईन किंवा प्लाझ्मा बदलणे हे इलाज पहिल्या दोन आठवड्यांत जास्त लागू पडतात. नागपुरात मेडिकल, मेयो, एम्स आहेत. औषध महाग आहे, म्हणून सरकारी योजनेबद्दल आरोग्यमित्राला विचारा.

4) मालिश, झाडपाला, अंगारा यात दिवस घालवू नका.

5) विहिरीत टीसीएल पावडर टाका, पाणी उकळून प्या, कोंबडी पूर्ण शिजवा. पुण्यातील काही रुग्णांत दूषित पाणी व कच्च्या मांसातून येणारा कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू सापडला होता.

पेरणीची वेळ टळली तर पीक हातचे जाते, हे तुम्हाला सांगायला नको. इथेही तसेच आहे. बुढा चालेनासा झाला, तर त्याच दिवशी गाडी काढा.