सोडाल्याचा तिठा आणि महापौरांचा अहवाल

जयपूरच्या जुन्या शहरातून अजमेरकडे जाणाऱ्या मार्गावर सोडाला ही वस्ती लागते. येथेच न्यू सांगानेर रोड फुटतो आणि मानसरोवर या विस्तीर्ण वसाहतीकडे वळतो. सवाई जयसिंग यांनी १७२७ मध्ये वसविलेले आखीव शहर तटबंदीबाहेर किती पसरले आहे, याची कल्पना या तिठ्यावर येते. सिटी बस, खाजगी मिनीबस व रिक्षा येथून सतत ये-जा करीत असतात. जवळच अजमेर मार्गाच्या एका भागात खाली रस्ता, त्यावर उन्नत रस्ता आणि त्याहूनही वर जून २०१५ मध्ये सुरू झालेली मेट्रो, अशी तीन मजली रचना आहे.

अशा ठिकाणी बसची वाट पाहत उभ्या असलेल्या नागरिकाचा प्रश्न अगदी साधा असतो : बस का आली नाही, आणि त्याचा जाब कोणाला विचारावयाचा? शहराचा प्रथम नागरिक महापौर असल्यामुळे उत्तर त्याने द्यावे, असे कोणासही वाटेल.

जगातील काही शहरांत ही अपेक्षा कायद्यानेच मान्य केली आहे. लंडनमध्ये १९९९ च्या कायद्यानुसार महापौर थेट मतदारांकडून निवडला जातो आणि शहराची वाहतूक संस्था त्याच्या अधिकाराखाली असते. वर्षातून दहा वेळा त्याला लोकप्रतिनिधींच्या सभेत प्रश्नांना सामोरे जावे लागते व प्रत्येक बैठकीपूर्वी आपल्या कामाचा लेखी अहवाल सादर करावा लागतो. या अहवालाला वजन आहे, कारण अहवाल देणारा आणि निर्णय घेणारा तेथे एकच आहे.

सोडाल्याच्या तिठ्यावर मात्र जबाबदारीची विभागणी झालेली दिसते. आंबेडकर सर्कलपासून सोडाल्यापर्यंतचा, २०२२ मध्ये खुला झालेला उन्नत रस्ता जयपूर विकास प्राधिकरणाने बांधला. हे प्राधिकरण १९८२ च्या कायद्याने राज्य शासनाने स्थापन केले आहे. मेट्रो चालविणारे महामंडळ राज्याचे आहे. शहर बससेवेसाठी जयपूर सिटी ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस लिमिटेड ही वेगळी कंपनी काढण्यात आली. वाहतुकीचे नियंत्रण पोलिसांकडे असते आणि पोलीस हे राज्याचे खाते आहे. महापौरांच्या सभागृहाकडे मुख्यतः सफाई, दिवाबत्ती, गटारे आणि अंतर्गत रस्ते एवढीच कामे उरतात.

याचे मूळ पुष्कळ अंशी राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत सापडते. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने ही अनुसूची जोडली. नगरपालिकांकडे सोपविता येतील असे अठरा विषय तीत आहेत. रस्ते व पूल त्यात आहेत, वाहनतळ आणि बसथांबेही आहेत; परंतु नागरी वाहतूक हा विषय त्यात नाही. म्हणजे बसथांबा नगरसंस्थेचा असू शकतो, पण त्या थांब्यावर येणारी बस तिची असेलच असे नाही.

कर्मचारीवर्गाची स्थिती यापेक्षा फारशी वेगळी नाही. राजस्थानच्या २००९ च्या नगरपालिका अधिनियमानुसार आयुक्ताची नेमणूक राज्य शासन करते आणि प्रशासनाची सूत्रे त्याच्या हाती असतात. २०१८ मध्ये राज्यभर एकवीस हजारांहून अधिक सफाई कर्मचाऱ्यांची भरती निघाली. ती राज्याच्या धोरणानुसार, सोडत काढून झाली. महापौराची निवडपद्धतीही स्थिर राहिली नाही. २००९ मध्ये जयपूरच्या मतदारांनी महापौर थेट निवडला. पुढे हा अधिकार पुन्हा निवडून आलेल्या सदस्यांकडे गेला. २०१९ मध्ये महानगरपालिकेची ‘ग्रेटर’ व ‘हेरिटेज’ अशी विभागणी झाली आणि २०२५ मध्ये ती पुन्हा एक करण्याचा निर्णय झाला. मधल्या काळात, २०२१ मध्ये, आयुक्तांशी झालेल्या वादानंतर ग्रेटर महानगरपालिकेच्या महापौरांना राज्य शासनाने निलंबित केले. पुढील वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशास स्थगिती दिली. निवडून आलेला प्रमुख आणि नेमलेला अधिकारी यांच्यातील अधिकारांची सीमारेषा किती नाजूक आहे, हे यावरून ध्यानात येते.

येथे असा प्रश्न उद्‌भवेल की, कर्मचारी आणि वाहतूक या दोन विषयांचा एकत्र विचार का करावा? याचे उत्तर साध्या हिशेबातून मिळते. एक बस दिवसाला दोन पाळ्यांत धावते असे मानल्यास शंभर बसगाड्यांसाठी रोज दोनशे चालक लागतात. प्रत्येकास आठवड्याची एक सुटी द्यावयाची म्हटल्यास ही संख्या दोनशे चौतीसवर जाते. आजारपण आणि रजा यांची तजवीज वेगळीच. वाहकांचा हिशेबही असाच करावा लागतो. दोनशे चालकांच्या बळावर शंभर बसगाड्या रोज रस्त्यावर आणता येत नाहीत. काही आगारातच उभ्या राहतात. कागदावर गाड्यांची संख्या पूर्ण दिसते आणि थांब्यावरचा प्रवासी मात्र ताटकळत राहतो. म्हणूनच अहवालात मंजूर पदे, भरलेली पदे व कंत्राटी माणसे हे आकडे एकीकडे आणि मालकीच्या गाड्या व प्रत्यक्ष धावणाऱ्या गाड्या हे आकडे दुसरीकडे, असे शेजारीशेजारी मांडावे लागतात.

महाराष्ट्रातील वाचकांना या संदर्भात मुंबईचे उदाहरण परिचित आहे. ७ ऑगस्ट १९४७ रोजी मुंबई महानगरपालिकेने वीज व वाहतूक यांचा उपक्रम ताब्यात घेतला आणि तो ‘बेस्ट’ या नावाने नावारूपाला आला. त्याच्या अंदाजपत्रकाची चर्चा प्रथम बेस्ट समितीत आणि नंतर महापालिकेच्या सभागृहात होण्याची प्रथा पडली. त्यामुळे बसभाडे, तोटा, चालकांचे वेतन हे विषय नगरसेवकांच्या तोंडी आले. मुंबईतही आयुक्त राज्य शासन नेमते आणि महापौराकडे कार्यकारी सत्ता नाही. तरीही बस कोणाची, हा संभ्रम तेथे नव्हता. तथापि २०१९ नंतर खाजगी कंत्राटदारांच्या गाड्या वाढल्या आणि चालक त्या कंत्राटदारांच्या नोकरीत गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये अशा चालकांनी काम थांबविले तेव्हा प्रवाशांचे हाल झाले, पण त्यांचे वेतन ठरविणे थेट उपक्रमाच्या हाती नव्हते. मालकी नगरसंस्थेची असली तरी माणसे तिची नसतील, तर उत्तरदायित्व पातळ होते, हा त्याचा धडा आहे.

तेव्हा महापौरांच्या अहवालाचे महत्त्व केवळ त्यातील आकड्यांवर अवलंबून नाही. कोणते काम कोणाच्या अधिकारात आहे, त्यासाठी किती माणसे आहेत आणि किती हवीत, हे त्यात स्पष्ट नोंदले गेले पाहिजे. जे आपल्या हाती नाही तेही त्यात नमूद केले, तर सभागृहाला निदान योग्य दारावर थाप मारता येईल. सोडाल्याच्या थांब्यावरील प्रवाशाला अधिनियमांची कलमे ठाऊक असण्याची गरज नाही. त्याच्या प्रश्नाला उत्तर देणारे एक नाव मात्र असावयास हवे.