दोष पायात नव्हता

गेल्या दिवाळीत बाबांनी आमच्या डॉजची किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "आता तू बघ. क्लच सोडताना माझा पाय थरथरतो."

गाडी १९५४ सालची, डॉज किंग्जवे. दादरा-नगर हवेली पोर्तुगिजांपासून मुक्त झाली त्याच वर्षीची, म्हणून २ ऑगस्टला आजोबा गाडीलाही हार घालायचे. बाबा आता ७४ वर्षांचे. पहिल्या गिअरमध्ये गाडी उचलताना बोनेटपासून मागच्या सीटपर्यंत सगळी गाडी गदगदायची, स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा हातात नाचायचा. त्यांनी ठरवून टाकलं की वय झालं. आणि खरं सांगायचं तर घरात आम्ही सगळ्यांनी हुश्श केलं. सिल्वासाच्या ट्रकांच्या गर्दीत त्यांनी गाडी घालू नये असं आम्हालाही वाटत होतंच.

मग एका रविवारी मी गाडी काढली. माझं वय पस्तीस, पाय ठणठणीत. गाडी तशीच गदगदली.

मेकॅनिक गाडीखाली झोपला, गिअरबॉक्सखाली पहार लावून थोडा जोर दिला आणि तिथूनच ओरडला, "फाउंडेशन गेलंय!" गॅरेजमध्ये ज्याला फाउंडेशन म्हणतात, ते म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स ज्यावर टेकतात ते रबर. दोन पोलादी पट्ट्या, मध्ये घट्ट चिकटवलेलं रबर, आकार तळहाताएवढा. आमच्या गाडीत क्लचचं घर अशा दोन रबरांवर, चासीच्या आडव्या पट्टीवर टेकलेलं आहे. या रबराला तीन कामं असतात: वजन पेलायचं, इंजिनाची थरथर गाडीच्या सांगाड्यात जाऊ द्यायची नाही आणि जोर लावल्यावर इंजिन जे अंग पिळतं त्याला आवर घालायचा.

आता बाबांच्या पायाकडे येऊ. क्लचचं पेडल चासीला, पण क्लच इंजिनाच्या बाजूला. दोघांना जोडणारा एक लोखंडी दांडा. रबर मेलं की क्लच पकडताक्षणी इंजिन हलतं, दांडा ओढला जातो, क्लच पुन्हा सुटतो, इंजिन मागे येतं, क्लच पुन्हा पकडतो. सेकंदात कित्येकदा. पाय कितीही स्थिर असो, पेडल त्याला हलवतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला फीडबॅक लूप म्हणतो. बाबांनी त्याला म्हातारपण म्हटलं होतं.

रबरावर इंजिन ठेवायची ही कल्पना जिथे गाजली, ते घराणं आमच्या गाडीचंच. १९३१ मध्ये क्रायस्लर कंपनीने प्लिमथ गाडीत 'फ्लोटिंग पॉवर' आणलं. त्यात इंजिनाला एक आधार पुढे उंचावर आणि एक मागे गिअरबॉक्सखाली होता. दोन्ही अशा बेताने बसवले होते की त्यांना जोडणारी रेषा इंजिनाच्या गुरुत्वमध्यातून जावी. चार सिलिंडरचं इंजिन एरवी गाडी हलवून सोडायचं, ते आता स्वतःभोवती डुलायचं आणि आतला माणूस निवांत बसायचा. फ्रान्सच्या सिट्रोएनने हे तंत्र परवान्यावर घेतलं आणि त्याची खूण म्हणून गाडीवर तरंगणारा हंस लावला.

आमच्या गाडीची जोडणी मात्र कुर्ल्याची. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, क्रायस्लरशी करार केला आणि १९४७ पासून डॉज, प्लिमथ, डिसोटो तिथे जुळू लागल्या. त्याआधी, १९२८ पासून, जनरल मोटर्स शिवडीला गाड्या जोडत होती. पुढे सरकारने ठरवलं की नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांना इथे जागा नाही, आणि १९५४ च्या सुमारास जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघींनी गाशा गुंडाळला. प्रीमियर टिकली, पण फियाटच्या वाटेने गेली. अमेरिकन गाड्या मागे राहिल्या, त्यांचे सुटे भाग आटत गेले. पेट्रोल महागल्यावर कित्येकांनी त्यांत डिझेल इंजिनं घातली. नवा गिअरबॉक्स जुन्या जागी टेकत नाही, म्हणून चासीला वेल्डिंग करून नवी पट्टी मारायची. अमेरिकेतही हाच पेच आहे. १९५५ ते ५७ च्या शेव्हरोलेचा मागचा भार क्लचच्या घराच्या कानांवर असे. नंतरच्या गिअरबॉक्सना ते कानच नाहीत, ते शेपटीकडे टेकतात. पण तिथे त्यासाठी नटबोल्टने बसणारी तयार आडवी पट्टी बाजारात मिळते. चासी कापावी लागत नाही.

मलाही एकाने "डिझेल टाका, सगळी कटकट जाईल" असा सल्ला दिला. बाबांनी नुसतं बघितलं. शिवाय २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची तर ती मूळ रूपात लागते.

माझा पहिला प्रयत्न फसला. पॉलियुरेथेनचे कडक ठोकळे कापून बसवले. धक्के थांबले, पण गाडी भुंग्यासारखी गुणगुणू लागली. बाबा शेजारी बसले होते. म्हणाले, "हा आपल्या गाडीचा आवाज नाही."

मग अमेरिकेतून 'जुना पण न वापरलेला' जोड मागवला. डब्यातून निघाला तो दगड. रबर न वापरताही म्हातारं होतं. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्याला कडक करतात. पैसे आणि कस्टम ड्यूटी दोन्ही पाण्यात गेले, असं मी धरून चाललो.

शेवटी शोध लागला तो घराजवळच, खेरडीत. तिथल्या एका शेडमध्ये यंत्रांखाली घालायची रबर-पोलादाची पॅडं बनतात. तिथले फोरमन काका जळगावकडचे. मी गाडीतून काढलेली दोन्ही रबरं त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "अशीच करून द्या."

त्यांनी व्हर्नियर लावला. डावं ३४ मिलिमीटर, उजवं ४१. "साहेब, यातलं 'असंच' कोणतं? हे वजनानं दबलंय, हे तेल पिऊन फुगलंय. नमुन्याची नक्कल केली तर झीजच छापून येईल."

मी गप्प. मग डिकीतला अमेरिकन दगड आठवला. कडकपणाच्या दृष्टीने तो निकामी, पण त्याच्यावर कधी भार पडला नव्हता, तेलाचा थेंबही नाही. उंची ३८ मिलिमीटर. काका हसले. "हे माप खरं."

कडकपणा त्यांनी अनुभवाने ठरवला, शोर ए मापावर ५५ ते ६०. रबर नैसर्गिक, कारण थरथर गिळायला तेच चांगलं, पण तेलाशी त्याचं वैर. म्हणून अट घातली, "आधी इंजिनाची गळती थांबवा, मगच माल न्या." मी गळती काढेपर्यंत त्यांनी पट्ट्या वाळूच्या माऱ्याने खरवडून घेतल्या, त्यांवर चिकटद्रव्याचे थर दिले, साच्यात कच्चं रबर भरलं आणि दीडशे अंशांच्या आसपास दाबाखाली शिजवलं. त्या उष्णतेत गंधक रबराचे धागे एकमेकांना बांधतं आणि रबर पोलादाला असं धरतं की ओढलं तर रबर फाटावं, जोड सुटू नये.

फेब्रुवारीत रबरं बसली. मी बाबांना किल्ली दिली. ते नको नको म्हणत बसले, क्लच दाबला आणि हळूहळू सोडला. गाडी हलली, बस्स, बाकी काही हललं नाही. ते काही बोलले नाहीत. खानवेलपर्यंत जाऊन आलो. परत आल्यावर आईला एवढंच म्हणाले, "पाय ठीक आहे माझा."

ट्रकांच्या गर्दीत ते अजूनही जात नाहीत. पण ते आता त्यांनी स्वतः ठरवलंय.

कारखान्याची अट किमान वीस नगांची होती, म्हणून अठरा रबरं माझ्याकडे शिल्लक आहेत. कुणाच्या अंगणात किंग्जवे किंवा त्या काळातली प्लिमथ उभी असेल, तर माप जुळवून बघा आणि घेऊन जा. कपाटात ठेवून ती टिकणार नाहीत.