परातीपुढले ध्यान

नव्या दिल्लीत मंडी हाउसच्या चौकाला येऊन मिळणाऱ्या कोपर्निकस मार्गावर जुने महाराष्ट्र सदन उभे आहे. पृथ्वी विश्वाच्या मध्यभागी नाही, असे सांगणाऱ्या पोलिश ज्योतिर्विदाचे नाव या रस्त्यास मिळाले आहे. राजधानीत चार दिवस फुलक्यांवर काढलेल्या मराठी माणसाच्या विश्वाच्या मध्यभागी मात्र पिठले-भाकरीच असते. ही ओढ केवळ जिभेची आहे, असे म्हणून ती हसण्यावारी नेता येईल. पण भाकरीत चवीहून अधिक काही आहे.

गव्हाची कणीक भिजली की तिच्यातील ग्लूटेनचे चिवट जाळे तयार होते, आणि लाटणाऱ्याचे लक्ष थोडे ढळले तरी ते जाळे पोळीला सांभाळून घेते. ज्वारीत ग्लूटेन नाही. तिच्या पिठाला धरून ठेवावयाचे ते ऊन पाण्याने फुललेल्या पिष्टाने आणि तळहाताने. पीठ शिळे असेल तर त्याची विरी गेलेली असते. मग कितीही मळा, भाकरीला कडेने चिरा पडतातच. थापताना बोटांचा दाब सर्वत्र सारखा हवा. तव्यावर टाकताच वरून पाण्याचा हात फिरवावयाचा आणि ते पाणी पुरते सुकण्याच्या आत ती उलटावयाची. हा क्षण घड्याळ दाखवीत नाही, तो डोळ्यांनीच टिपावा लागतो. चित्त अन्यत्र गेले की भाकरी तत्काळ तसे सांगते. एका विषयावर मन ठेवणे, ते सुटले की परत आणणे, यालाच ध्यानाचा अभ्यास म्हणतात.

महाराष्ट्रात या अभ्यासाची शास्त्रीय तपासणीही पुष्कळ पूर्वी सुरू झाली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रियांचे शरीरावर होणारे परिणाम प्रयोगशाळेत मोजावयास घेतले. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, म्हणून उच्छ्वास सावकाश लांबविला की शरीर विसाव्याकडे झुकते. पचनाचे काम याच विसाव्यात चांगले चालते. रागाने किंवा घाईने जेवणाऱ्याचे पोट तक्रार करते ते उगीच नव्हे. जेवणापूर्वी चित्राहुती घालून क्षणभर थांबण्याची जी रीत अनेक घरांत होती, तिचा हेतू धार्मिक असला तरी धावत आलेल्या माणसाचा श्वास तेवढ्यात ताळ्यावर येत असे. शिवाय भाकरी चावावी लागते. चावताना लाळेतील पाचकरस पिष्टावर काम करू लागतो, आणि पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोचावयास जो अवधी लागतो तो आपोआप मिळतो. पोटाचा एक भाग रिकामा ठेवावा, हा हठयोगातील मिताहाराचा नियम सावकाश जेवणाऱ्यालाच पाळता येतो.

इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे होत आली आहेत. तेथे शिबिराच्या दहाव्या दिवसापर्यंत मौन असते, पहाटे चारला घंटा होते, मुख्य भोजन अकरा वाजता असते आणि अन्न साधे शाकाहारी असते. हीच पद्धत दिल्लीच्या तिहार कारागृहातही गेली, आणि १९९४ साली तेथे हजाराहून अधिक बंदी एकाच शिबिरात बसले होते. अर्थात ध्यान हे औषध नव्हे आणि ज्वारी ही संजीवनी नव्हे. मधुमेह्याने भाकरीही मोजूनच खावी आणि वैद्याची गोळी चुकवू नये.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. पिढ्यान्‌पिढ्या शांत जेवण लाभले ते ज्याच्या ताटात भाकरी पडली त्याला. चुलीच्या धुरात ती थापणारी बाई सर्वांच्या मागून, उरलेले, बहुधा उभ्या उभ्याच जेवली. तिच्या कष्टाला ध्यान म्हणून गौरविणे खाणाऱ्याला फार सोपे जाते. घरातील प्रत्येकाने परातीपुढे बसावे आणि मग सर्वांनी एका पंगतीस जेवावे, तरच या शब्दाला अर्थ आहे.

दिल्लीत खोली करून राहणाऱ्या मुलानेही हे शिकण्यासारखे आहे. पीठ थोडे थोडेच दळून आणावे. बाजरीचे तर आठवड्याहून अधिक ठेवू नये, कारण तिच्यातील स्निग्धांश लवकर बिघडतो आणि पीठ कडवट होते. थंडीत बाजरी आणि उन्हाळ्यात ज्वारी, हा गावाकडील क्रम येथेही मानवतो. सोबत मटकीची उसळ असावी. मात्र मोड आणण्याचे पुण्याकडचे गणित येथे चालत नाही: मेमध्ये भिजवलेली मटकी एका रात्रीत आंबूस होते, तर जानेवारीत फडक्यात बांधलेली पुरचुंडी उबदार कपाटात ठेवून दोन दिवस वाट पाहावी लागते, आणि ती मधूनच उघडून पाहण्याचा मोह आवरावा लागतो.