बॉयलरची गोधडी विरली की…



माझी एक माजी विद्यार्थिनी अमेरिकेतल्या मेन राज्यात राहते. तिथे हिवाळ्यात पारा शून्याच्या बराच खाली उतरतो आणि जवळपास निम्मी घरे तेल जाळून ऊब मिळवतात. परवा तिचा फोन आला. "बाई, तळघरातल्या जुन्या बॉयलरच्या पत्र्याला हात लाववत नाही, इतका तापतो. आतली लोकरही सुटलीय. ओढून काढू आणि नवीन लावू का?"

मी म्हटलं, "थांब. आधी समजून घेऊ."

हा बॉयलर म्हणजे आपल्या बंबाचा मोठा भाऊच! बर्नर तेलाचा बारीक फवारा उडवतो, तो पेटतो, भोवतालचे पाणी तापते आणि पंप ते खोल्यांमधल्या रेडिएटरमध्ये फिरवतो.

यात उष्णतारोधक तीन जागी असतो:

१. ज्योतीभोवतीचे अस्तर. ज्योतीचे तापमान 1000 अंश सेल्सिअसच्या वर जाते. अस्तर तापून राहते, म्हणून तेल पूर्ण जळते. ते झिजले की काजळी वाढते.

२. बाहेरच्या पत्र्याखालची काचतंतूंची गादी. तंतूंमध्ये अडकलेली हवा उष्णतेची दुर्वाहक. गादी दबली किंवा ओली झाली की हवा जाते आणि उष्णता तळघरातच वाया जाते.

३. दाराच्या कडेची दोरी. ती विरली की फटी पडतात. चिमणी नीट ओढत नसेल, तर त्यातून धूर घरात येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. म्हणूनच तो जिवावर बेतू शकतो.

मग लोकर ओढून का काढायची नाही? जुन्या बॉयलरच्या रोधकात ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुप्फुसात गेली की कित्येक वर्षांनी कर्करोग होऊ शकतो. नुसते पाहून ते ओळखता येत नाही, नमुना प्रयोगशाळेतच तपासावा लागतो. सिरॅमिक तंतूंचे अस्तरही वर्षानुवर्षे तापून ठिसूळ होते आणि त्याची धूळही घातकच.

म्हणून क्रम असा: बॉयलर बंद करायचा, तेलाचा व्हॉल्व्ह बंद करायचा, थंड होऊ द्यायचा आणि जाणकार तंत्रज्ञाला बोलवायचे. ॲस्बेस्टॉस नाही याची खात्री झाल्यावरच तो जुने अस्तर काढून नवे बसवतो, दोरी बदलतो आणि शेवटी धुराची तपासणी करतो. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच.

आता वर्गात काय करता येईल? तीन सारखे स्टीलचे पेले घ्या. एक उघडा, दुसऱ्याला कोरडी लोकर, तिसऱ्याला ओली लोकर गुंडाळा. तिघांत सारखेच गरम पाणी मोठ्यांनीच ओता. दर पाच मिनिटांनी तापमापी पाहून मुलांना नोंदी करू द्या. ओल्या लोकरीचा पेला लवकर का निवतो, हे मुलांनाच सांगू द्या बरं का!

तिने तंत्रज्ञाला बोलावलंय. तोवर तळघराचं दार बंद.