जातमुचलका आणि सातबारा

मार्च 2020 मध्ये राज्यातल्या पहिल्या कोरोना रुग्णांच्या यादीत यवतमाळचे नाव आले. दुबईहून परतलेले प्रवासी ते. त्याच महिन्याच्या 26 तारखेला तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी जाहीर केले की राज्यातल्या तुरुंगांतून सुमारे 11 हजार कैद्यांना तात्पुरते सोडण्यात येईल. आमच्या मोहल्ल्यात या बातमीवर जी चर्चा झाली ती अजून लक्षात आहे. मशिदीत पाच-सात जणांपलीकडे कुणी जायचे नाही, जनाज्याला वीस माणसे, आणि चोरांना मात्र मोकळीक! रागाने बोलणारे बरेच होते. गप्प बसलेलेही काही होते. ज्यांच्या घरचे कुणी आत होते, ते गप्प होते.

हा वाद तेव्हा चहाच्या टपरीपासून उच्च न्यायालयापर्यंत चालला. आता त्याची कागदपत्रे समोर आहेत. कोण सुटले, कोण राहिले आणि का, हे शांतपणे पाहता येते. आम्हाला वाटते, आपल्या घरांनी ते पाहिलेच पाहिजे.

सुरुवात सर्वोच्च न्यायालयापासून झाली. न्यायालयाने 16 मार्च 2020 रोजी स्वतःहून दखल घेतली आणि 23 मार्चला प्रत्येक राज्याला उच्चाधिकार समिती नेमण्याचा आदेश दिला. कुणाला जामिनावर वा पॅरोलवर सोडायचे ते समितीने ठरवायचे. महाराष्ट्राच्या समितीचे अध्यक्ष न्यायमूर्ती अमजद सय्यद होते. त्यांच्यासोबत गृहखात्याचे अपर मुख्य सचिव आणि तुरुंग विभागाचे प्रमुख. राज्यातल्या तुरुंगांची क्षमता साधारण 24 हजारांची आणि आत माणसे 35 हजारांवर. त्यांतही चारातले जवळपास तीन कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही असे. दोन मीटर अंतर राखा असे बाहेर भोंग्यावरून सांगितले जात होते, तेव्हा आत रात्री कूस बदलायची तर शेजाऱ्याला उठवावे लागेल अशी दाटी होती.

समितीने रेघ आखली ती सात वर्षांची. ज्या गुन्ह्याला सात वर्षे वा त्याहून कमी शिक्षा आहे, त्यातल्या कच्च्या कैद्याला 45 दिवसांचा तात्पुरता जामीन, तोही जातमुचलक्यावर. जामीनदार नको, सातबारा नको. मी परत येईन असे स्वतः लिहून द्यायचे. बँक घोटाळे, मकोका, यूएपीए, अमली पदार्थ यांसारख्या खास कायद्यांतले आरोपी वगळले. परदेशी नागरिक आणि राज्याबाहेरचे रहिवासीही सुरुवातीला वगळले.

सात वर्षे ही रेघ ऐकायला सोपी आहे. पण शिक्षा ठरते कलमावरून, आणि कलम पहिल्यांदा लावतो तो पोलीस ठाण्यातला अंमलदार. तेव्हाच्या भारतीय दंड विधानात साध्या चोरीला (कलम 379) तीन वर्षे, घरातल्या चोरीला (380) सात वर्षे. दोन्ही रेघेच्या आत. पण मोबाइल हिसकावताना धक्काबुक्की झाली आणि 392 लागले की दहा वर्षे. तो बाहेर राहिला, म्हणजे आतच राहिला. दोन गटांच्या मारामारीत 324 लागले तर तीन वर्षे, 307 लागले तर दहा वर्षे किंवा जन्मठेप. पानठेल्यावर गुटखा सापडला आणि 328 लावले तर तीही दहा वर्षे. गोवंश बंदी कायद्यात कमाल शिक्षा पाच वर्षे असल्याने तो आरोपी मात्र रेघेच्या आत बसला. एकाच गल्लीतल्या, जवळपास सारख्याच वागण्याच्या दोन पोरांपैकी एक घरी आला आणि एक राहिला, याचे कारण पुष्कळदा एफआयआरच्या दुसऱ्या ओळीत होते.

मग मे महिना उजाडला. रमजान चालू होता. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात, जिथे 804 माणसांची जागा आहे आणि तिप्पटीहून जास्त माणसे होती, तिथे काही दिवसांत 158 बंदी आणि 26 कर्मचारी पॉझिटिव्ह निघाले. त्यावर 8 मे रोजी सरकारने पॅरोलच्या नियमांत बदल करून आपत्कालीन पॅरोल आणला आणि 11 मे रोजी समितीने निम्मे तुरुंग रिकामे करण्याचे, म्हणजे सुमारे 17 हजारांना सोडण्याचे ठरवले. सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षा झालेल्यांनाही आता दार किलकिले झाले, पण अट अशी की मागच्या दोन्ही रजांवरून तो वेळेवर परतलेला असावा. मग ज्याला कधी रजाच मिळाली नव्हती त्याचे काय? कित्येक अर्ज यावरच फेटाळले गेले. रजा मिळालीच नसेल तर ही अट आडवी येत नाही, हे सांगायला जुलैत मुंबई उच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. दोन महिने तसेच गेले.

आपल्या वऱ्हाडात रोग तुरुंगाच्या भिंतीआड थांबला नाही. जूनअखेर अकोल्याच्या कारागृहात 68 बंदी पॉझिटिव्ह आले. नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहातही जुलैत साथ पोचली. यवतमाळ जिल्ह्यातल्या लांब शिक्षेच्या कैद्यांना नागपूर किंवा अमरावतीलाच ठेवतात, त्यामुळे उमरखेड-पुसदच्या घरांना ही बातमी दूरची नव्हती. मुलाकाती बंद होत्या. एसटी बंद होती, आणि यवतमाळला रेल्वे म्हणावी तर आपली शकुंतला त्याआधीच थांबलेली. सुटकेचा आदेश झाला तरी माणूस नागपूरहून महागावला येणार कसा? सर्वोच्च न्यायालयाला एप्रिलमध्ये मुद्दाम सांगावे लागले की सुटलेल्याला घरापर्यंत पोचवण्याची सोय करा, आणि पॉझिटिव्ह असेल त्याला तसाच सोडू नका.

विरोध करणाऱ्यांचे म्हणणे सगळेच चुकीचे होते असे आम्ही म्हणणार नाही. ज्या बाईच्या तक्रारीवरून माणूस आत गेला, तिला तो 45 दिवसांत दारात दिसला तर तिची भीती खरी असते. ज्याचे दुकान फुटले त्याचा रागही खरा. पण तुरुंगातली साथ तुरुंगातच राहते ही समजूत आर्थर रोडच्या 26 कर्मचाऱ्यांनी खोटी पाडली. शिपाई रोज घरी जातो. त्याची मुलेही शाळेत येतात.

परदेशी लोकांना वगळण्याचा मुद्दा आपल्या वाचकांच्या मनात वेगळ्या कारणाने असेल. तबलीगी जमातच्या परदेशी पाहुण्यांवर त्या उन्हाळ्यात राज्यात गुन्हे दाखल झाले होते. 21 ऑगस्ट 2020 रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 29 परदेशींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवले गेल्याचा स्पष्ट उल्लेख केला. निकाल आला तेव्हा ज्यांनी कोठडी भोगली होती त्यांची भोगून झाली होती.

सुटलेल्यांचे पुढे काय झाले ते कमी लोकांना ठाऊक आहे. 45 दिवसांची मुदत तीस-तीस दिवसांनी वाढत गेली. महिन्यातून एकदा पोलीस ठाण्यात हजेरी द्यायची. दुसऱ्या लाटेत, 7 मे 2021 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने आधी सोडलेल्यांना पुन्हा सोडण्यास सांगितले. मग मे 2022 मध्ये राज्याने आपत्कालीन पॅरोल मागे घेतला आणि परतण्याचा हुकूम निघाला. 24 मार्च 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयानेही सर्वांना पंधरा दिवसांत हजर व्हायला सांगितले. दोन वर्षांत कुणी हातगाडी लावली होती, कुणाचा निकाह झाला होता, कुणी सुरतला कामाला गेला होता. हुकमाचा कागद जुन्या पत्त्यावर पोचला. न परतणाऱ्यांवर नवा गुन्हा दाखल झाला. आणि पॅरोलचे दिवस शिक्षेत धरले जात नाहीत. जे दिवस बाहेर काढले ते आत जाऊन पुन्हा काढायचेच. अनेक घरांना हे आधी कुणी सांगितले नव्हते. शिक्षा माफ झाली असे समजून काहींनी मिठाई वाटली.

उर्दू आणि मराठी दोन्ही वाचता येते म्हणून आमच्याकडे पालक कोर्टाचे कागद घेऊन येतात. पोराचा दाखला न्यायला आलेली आई पिशवीतून घडी केलेला आदेश काढते आणि म्हणते, "सर, इसमें क्या लिखा है जरा देखो ना." लिहिलेले असते की जामीन मंजूर आहे. पंधरा हजारांचा एक सक्षम जामीनदार द्यावा. आदेशाची तारीख तीन महिन्यांपूर्वीची. म्हणजे पोरगा जामीन मिळूनही आत आहे, कारण घर भाड्याचे, शेत नाही, आणि सातबारावाला नातेवाईक तोंड फिरवतो. कोरोनात हाच पोरगा जातमुचलक्यावर सुटू शकत होता आणि त्याने आभाळ कोसळले नसते. आमचा सरकारला आणि न्यायव्यवस्थेला प्रश्न एवढाच आहे: 2020 मध्ये गरिबाच्या शब्दावर विश्वास ठेवता आला, मग साथ गेल्यावर तो विश्वास कुठे गेला?

टाटा समाजविज्ञान संस्थेच्या विजय राघवन आणि रोशनी नायर यांनी राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी 2011 मध्ये महाराष्ट्रातल्या मुस्लिम कैद्यांचा अभ्यास केला होता. त्यांतले बहुतेक गरीब, कमी शिकलेले आणि पहिल्यांदाच अटक झालेले होते. अशा घराला वकिलाची फी आणि जामीनदार या दोन्ही गोष्टी कुठून मिळणार?

साथीनंतर काही दारे मात्र कायद्यानेच उघडली आहेत, पण ती ठोठवावी लागतात. 31 जानेवारी 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार जामीन मंजूर होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे आहे, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालय अट शिथिल करण्याचा विचार करू शकते. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. 2023 च्या मूळ नियमांत जामिनासाठी 40 हजारांपर्यंत आणि दंड भरण्यासाठी 25 हजारांपर्यंत मदत जिल्हाधिकारी असलेली समिती मंजूर करत असे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 प्रमाणे, ज्याला आधी कधी शिक्षा झालेली नाही त्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला मुचलक्यावर सोडायचे आहे. फाशी किंवा जन्मठेपेचे कलम असेल, किंवा एकाहून अधिक खटले असतील, तर हे लागू होत नाही.

जिल्ह्यात आणखी एक समिती आहे: जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांची, कच्च्या कैद्यांच्या प्रकरणांचा आढावा घेणारी. कोरोनात तिने दर आठवड्याला बसावे असा आदेश होता. आता ती बसली की नाही हे विचारायला आपल्यातले किती वकील, नगरसेवक, जमातींचे जिम्मेदार जातात?

जकातीतून जामिनाची किंवा दंडाची रक्कम भरता येईल का, हा प्रश्न रमजानआधी आपापल्या मुफ्ती साहेबांना विचारून ठेवावा. कुरआनात मिस्कीन आणि यतीम यांच्या जोडीने कैद्याला जेऊ घालणाऱ्यांचा उल्लेख आहे, हे आपण खुतब्यात ऐकतो. खुतब्यानंतर पेटीत टाकलेला पैसा कुठल्या घरी गेला हेही कधी विचारावे.

ज्यांच्या घरचे कुणी आत आहे त्यांनी तीन कागद एका पिशवीत ठेवावेत: एफआयआरची प्रत, अटकेची तारीख असलेला कागद आणि जामिनाचा आदेश झाला असल्यास तो. हे घेऊन यवतमाळच्या न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात जावे, तालुक्याला राहत असाल तर तालुका विधी सेवा समितीकडे. जाता येत नसेल तर 15100 हा मोफत क्रमांक लावावा. वकील तिथून विनाशुल्क मिळतो. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नयेत.