मेलेल्या माणसाची साक्ष

आमच्या तळ्याच्या बाजूला एका वाडीवर घडलेली गोष्ट. पावसाचे दिवस. एक धट्टाकट्टा गडी रात्री जेवून जमिनीवर चटई टाकून निजला. पहाटे पोटात कळ आली म्हणून उठून बसला, पुन्हा आडवा झाला, तो उठलाच नाही. अंगावर जखम नाही, सूज नाही. भावकीने घाई केली. दुपारच्या आत प्रेत जाळूनही झाले. मग कुजबूज सुरू झाली, "रात्रीच्या भाकरीत काहीतरी होतं." भाकरी बायकोने केली होती. त्या बाईने हे बोलणे जन्मभर ऐकले.

आता आम्हांला वाटते, त्या गड्याला मण्यार चावली असावी. मण्यार रात्री निजलेल्या माणसाला चावते. खूण दिसेल न दिसेल एवढीच, सूजही बहुधा येत नाही. आधी पोट दुखते, मग पापण्या जड होतात, शेवटी श्वास बंद पडतो. पण हे झाले आमचे वाटणे. खरे सांगणारा साक्षीदार एकच होता, आणि तो चितेवर गेला.

मेलेला माणूस साक्ष कशी देणार, असे तुम्ही म्हणाल. देतो, बरं का! ती साक्ष वाचण्याच्या विद्येला न्यायवैद्यक म्हणतात. म्हणजे न्यायाच्या कामी येणारे डॉक्टरी ज्ञान.

पाण्यात सापडलेल्या प्रेताचे घ्या. जिवंत माणूस बुडताना श्वास ओढतो. पाणी छातीत जाते, नाकातोंडाशी बारीक पांढरा फेस येतो. आधी मारून मग पाण्यात टाकलेला माणूस श्वास कसा ओढणार? जळालेल्याचेही तसेच. आग लागली तेव्हा जीव असेल, तर धूर आत जातो आणि श्वासनळीत काजळी सापडते. काजळी नसेल तर डॉक्टरांना शंका येते, की आधी मारले आणि मग पेटवले. अर्थात एकाच खुणेवर ते निकाल देत नाहीत. दहा खुणा ताडून पाहतात.

असे मरण घडले की पोलीस पाटलाला कळवायचे. पोलीस येऊन पंचांसमोर पंचनामा करतात. प्रेत सरकारी दवाखान्यात जाते. लग्नाला ७ वर्षे व्हायच्या आत एखादी बाई संशयास्पद रीतीने वारली, तर प्रेत तपासणीला पाठवावे असे कायदाच सांगतो. डॉक्टर आधी बाहेरून पाहतात, मग शरीर उघडून पाहतात. विषाची शंका असली तर जठर, यकृत वगैरेंचे भाग बरण्यांत घालून सील करतात. त्याला व्हिसेरा म्हणतात. तो सरकारी प्रयोगशाळेत जातो. मुंबईत कालिन्याला राज्याची मोठी प्रयोगशाळा आहे. प्रेत शिवून घरच्यांच्या हवाली करतात. तोंड ओळखू येते, सगळे विधी करता येतात. "चिरफाड नको" म्हणून रडणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यांचे दुःख खरे असते, भीती मात्र पुष्कळशी ऐकीव असते.

ही विद्या जुनी आहे. चीन देशात सोंग त्सू नावाच्या अधिकाऱ्याने १२४७ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. त्यात एक हकीकत आहे. एका गावात विळ्याने खून झाला. अधिकाऱ्याने सगळ्यांचे विळे मागवून उन्हात मांडले. एकाच विळ्यावर माश्या घोंगावू लागल्या! विळा धुतलेला होता, पण रक्ताचा वास माश्यांना लागलाच. मालकाने गुन्हा कबूल केला.

पण साक्ष वेळेवर घ्यावी लागते. नोव्हेंबर १९५६ मधली गोष्ट. पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे ह्या पैसेवाल्या विधवा बाई डॉ. अनंत लागू ह्याच्याबरोबर रात्रीच्या गाडीने मुंबईस निघाल्या. उतरल्या तेव्हा त्या बेशुद्ध होत्या. ह्या डॉक्टरने त्यांना इस्पितळात भलत्याच नावाने घातले. त्याच दिवशी त्या वारल्या. प्रेत न्यायला कोणी आले नाही. शवविच्छेदन झाले ते दहा दिवसांनी. विष सापडले नाही. मधुमेहाने मरण आले, असे मत पडले. इकडे हा डॉक्टर बाईंच्या नावाने खोटी पत्रे धाडत होता, की मी दुसरे लग्न केले, सुखात आहे! आणि तिकडे त्यांचा पैसा काढत होता. काही विषे शरीरात मागमूस ठेवत नाहीत. तेव्हा न्यायालयाने खोटे नाव, खोटी पत्रे, लुबाडलेला पैसा हे सारे जुळवून पाहिले. डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची फाशी कायम केली. डॉक्टर शिकलेला होता, म्हणून असली पापे त्याला जमली. आमच्या मते हाच त्या खटल्यातला भयंकर भाग.

न्यायवैद्यक जिवंत माणसांच्याही कामी येते. मारामारीतली जखम कशाने झाली, मुलगी खरोखर १८ वर्षांची आहे का, हे डॉक्टर तपासून सांगतात. वयासाठी दात पाहतात, मनगटाच्या व कोपराच्या हाडांचा एक्स-रे काढतात.

शेतकरी साप चावून किंवा वीज पडून गेला, तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात योजनेतून घरच्यांना २ लाख रुपये मिळतात. तेथे असे कागद लागतात. म्हणून शवविच्छेदनाच्या अहवालाची नक्कल ठाण्यातून मागून घ्यावी. "व्हिसेरा राखून ठेवला" असे त्यात लिहिले असेल, तर पक्के कारण प्रयोगशाळेचा कागद आल्यावरच कळते. त्याला कधी कधी महिने लागतात. ठाण्यात जाऊन पुन्हा पुन्हा विचारावे.